आंजर्ल्यात भेटलेले एकेचाळिसावे वाक्य

आंजर्ल्याचे पोस्टमास्तर विष्णुपंत हे माझे कॉलेजातले खोलीसोबती. दर वर्षी ते मला बोलावीत आणि दर वर्षी मी शाळेच्या पेपरांची सबब सांगे. यंदा त्यांचे कार्ड आले, "या दिवाळीला आला नाहीस तर तुला इकडून एकही पत्र जाणार नाही, शिक्का माझ्या हातात आहे." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. इथल्या एका खलाशाचा इंग्रजी अर्ज लिहायचा आहे, माझे इंग्रजी टपालापुरते, तू इंग्रजीचा मास्तर, तेव्हा येच. सुट्टीत अर्ज लिहावा लागणार म्हणून मी घरात कुरकुरलो होतो. ती कुरकुर आठवली की आज मान खाली जाते.

बोटीची माहिती आधी देतो, कारण ती कोणी धड सांगत नाही. हर्णैची बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. डेकवर सावलीची जागा हवी असेल तर तासभर आधी जावे. सोबत सतरंजी, फिरकीचा तांब्या आणि दोन लिंबे घ्यावीत. लिंबे खाण्यासाठी नव्हेत, हुंगण्यासाठी. बोट लागली म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. दशम्या आणि कोरडी चटणी असली की दुपार निघते. बोटीवरचा चहा गरम असतो. त्याच्याविषयी याहून चांगले लिहिण्यासारखे काही नाही.

रेवदंडा मागे पडल्यावर तिकिटे पाहायला एक कारकून आला. अंगात कोट, पायात करकरणारे बूट. आपल्या शिपायाशी तो आपल्यासारख्याच मराठीत बोलत होता, ते मी कानांनी ऐकले होते. डेकवरच्या माणसांशी मात्र इंग्रजी. एका म्हातारीच्या करंड्या वाटेत होत्या. "हूज लगेज इज धिस? हूज लगेज?" असे तो तिच्या डोक्यावर उभा राहून ओरडू लागला. म्हातारी त्याच्याकडे पाहून हसत राहिली, कारण त्याला काय हवे आहे हेच तिला कळेना. तेव्हा कठड्याशी बसलेले सात-आठ तरुण खलाशी उठले आणि एका सुरात म्हणाले, "इट इज माय फॉल्ट, सर. प्लीज एक्स्क्यूज मी." म्हणता म्हणता त्यांनी करंड्या उचलून बाजूला ठेवल्या. कारकून खूष होऊन पुढे गेला.

माझे डोके तापले. चूक कसली आणि माफी कसली? म्हातारीला मराठीत दोन शब्द सांगितले असते तर काम झाले असते. त्याच्या मागे जाऊन हे विचारावे असे मनात आले. विचारले नाही. बूट करकरत पुढे गेले आणि मी सतरंजीवरच होतो.

राग थोडा निवल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. ते वाक्य माझे होते.

याला थोडा खुलासा हवा. बी. ए. झाल्यावर सहा महिने मला नोकरी नव्हती. गिरगावातल्या एका पुस्तकविक्याने मला बोटीवर नोकरीला जाणाऱ्या लोकांसाठी रोजच्या वापरातली इंग्रजी वाक्ये लिहून मागितली. वर इंग्रजी वाक्य, खाली देवनागरीत उच्चार, त्याखाली अर्थ. आठ दिवसांत मी शंभर वाक्ये लिहून दिली. पिवळे कव्हर, त्यावर 'एक पदवीधर' एवढेच. पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि मी ते पुस्तक विसरून गेलो. त्या तरुणांपैकी एकाकडे ते होते. मी मागून घेतले. अकरावी आवृत्ती. 'रागावलेल्या साहेबाशी' या प्रकरणात एकेचाळिसावे वाक्य जसेच्या तसे. मला त्या वेळी शरम वाटली नाही, अभिमान वाटला. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिले आहे, 'पुस्तक अजून लोकांच्या उपयोगी पडते.' ते मी खोडलेले नाही. राहू दे.

हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि पडाव येऊन तिला भिडतात. लाट पडावाला वर उचलील त्या क्षणी शिडीवरून पाय टाकायचा. आधी टाकला तर पाणी, नंतर टाकला तर खालच्या माणसाचे डोके. पडाव वाळूच्या जवळ आला की खारवी पाठीवर घेऊन कोरड्यात उतरवतो. पुस्तकी माणसाचा तोरा उतरवायला याहून चांगली सोय नाही. पुढे खाडीपर्यंत छकडा मिळतो, बारा आणे मागतात आणि आठ घेतात. खाडी ओलांडायला तर, म्हणजे उताऱ्यांची होडी, आहे. पलीकडे विष्णुपंत पोस्टाची टोपी घालून उभे होते. मला पाहताच म्हणाले, "पार्सल ओलं झालंय, पण पोचलंय."

दुसऱ्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला गेलो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या सकाळी चढाव्या. दुपारी दगड तापतो. वर गेल्यावर माडांचे शेंडे पायांखाली येतात, डावीकडे खाडी, तिच्यापलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. दर्शन घेऊन आम्ही पारावर बसलो. समुद्रात लांबवर एका आगबोटीचा धूर दिसत होता. विष्णुपंतांनी खाडीकाठच्या कौलांकडे बोट केले आणि म्हणाले, त्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरचा एक पुरुष कुठल्या तरी धुराखाली असतो. फक्त हसन दोन वर्षे घरी आहे. त्याचाच अर्ज.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तरीने खाडी ओलांडून आम्ही त्या वस्तीत गेलो. अब्बास सारंग नावाच्या वृद्ध गृहस्थाची पडवी हीच तिथली इंग्रजी शाळा. अठ्ठावीस वर्षे बोटीवर काढलेला हा माणूस, दाढी मेंदीने लाल केलेली. मगरीबची नमाज झाली की बोट धरायला निघालेले पुरुष त्याच्यापुढे मांडी घालून बसतात. मुसलमान असतात, भंडारी असतात, खारवी असतात. पुस्तक एकच, सारंगाच्या मांडीवर. तो वाक्य सांगत नाही, आकडा सांगतो.

"तेवीस."

"आय विल डू इट अ‍ॅट वन्स, सर."

"तीस."

"थँक यू, सर. यू आर व्हेरी काइंड."

मग सारंगाने डोळे मोठे केले, आवाज चढवला आणि कुठल्याच भाषेत नसलेले काहीतरी साहेबासारखे ओरडला. सगळी पडवी एका दमात म्हणाली, "इट इज माय फॉल्ट, सर. प्लीज एक्स्क्यूज मी." त्यासाठी आकडा लागत नाही. सारंगाने मला समजावले की साहेब काय बोलतो ते कळायला वर्षे जातात, पण तो रागावला आहे हे लगेच कळते. म्हणून एकेचाळीस झोपेतही आले पाहिजे. पुस्तकातच तसे सांगितले आहे. त्याने पान काढून माझ्यासमोर धरले. वाक्याखाली बारीक टाइपात सूचना होती, 'साहेब रागावून काही विचारील तर, त्याचे शब्द न कळले तरी, हे वाक्य नम्रपणे म्हणावे.'

ही सूचना मी लिहिली होती. मला तिची आठवणही नव्हती.

हसन खांबाला टेकून बसला होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला संकोची. त्याची हकीगत विष्णुपंतांनी आणि सारंगाने मिळून सांगितली. एका परदेशी बंदरात त्याच्या बोटीवरून माल उचलायच्या यारीने पेट्या उतरत होत्या. दोर कुजका होता. आदल्या दिवशीच हसनने टंडेलाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, तो दाखवला होता. दोर तुटला, पेट्या खाली आल्या, धक्क्यावरच्या एका मजुराचा पाय मोडला. दोराशी हसनचा काही संबंध नव्हता. तो फक्त सर्वांत जवळ उभा होता. वरचा अधिकारी धावत आला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडला. काय ओरडला ते हसनला आजही माहीत नाही. त्याने पुस्तकाबरहुकूम एकेचाळीस म्हटले. अधिकाऱ्याने पुन्हा विचारले, हसनने पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा आणखी नम्रपणे.

त्याने खलाशाची चोपडी माझ्यापुढे उघडली. शेवटच्या नोकरीसमोर लाल शाईत दोनच शब्द होते, 'अ‍ॅडमिट्स फॉल्ट'. चूक कबूल आहे. ते दोन शब्द पाहिले की भरती करणारा चोपडी मिटून परत देतो. दोन वर्षे हेच चालले आहे. आता मुंबईच्या सरकारी कचेरीतल्या साहेबाने दिवाळीनंतर एकदा ऐकून घेतो म्हणून सांगितले होते. यात शेरा निघाला तर बोट मिळणार. राहिला तर दुसऱ्याच्या होडीवर जाळे ओढायचे, जन्मभर.

माझ्या अंगाची आग झाली. ज्या माणसाला आपली भाषा येत नाही हे धडधडीत दिसते आहे, त्याच्या तोंडच्या पाठ केलेल्या शब्दांवरून त्याची रोजी बंद करायची? दुभाषा नाही, साक्ष नाही, टंडेलाला विचारणे नाही! कुजका दोर वापरणाऱ्यांवर मात्र कुठे शाई पडली नाही. मी बरेच बोललो. विष्णुपंत मान डोलावत होते, सारंग ऐकत होता.

तेव्हा आतल्या दाराच्या पडद्यामागून हसनची बायको खतीजा बोलली. बाई सावकाश बोलत होती.

"मास्तर, त्या पुस्तकात शंभर वाक्यं हायत म्हणतात. त्यात 'मी नाय केलं' ह्ये कितव्या नंबराला हाय?"

मी पुस्तक हातात घेतले. पाने उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली, आणि पुन्हा शोधल्यासारखे केले. ते त्यात नाही हे मला पाने न उलटता ठाऊक होते. शेवटी म्हणालो, "दिसत नाही."

"मी बी तेच म्हणत्ये," ती म्हणाली.

लेखकाचे नाव मी सांगितले नाही. आत चहा होत होता. पोट बरे नाही अशी थाप मारून मी तोही टाळला. मग सारंगाने न बोलता शहाळे सोलून पुढे केले. मुसलमानाघरचा चहा न घेणाऱ्या पाहुण्यांची त्याला सवय असावी. त्या दिवशी मी एका पडवीत दोनदा खोटे वागलो.

चौथा दिवस मुरुडला. तो बेत आधीच ठरला होता, आणि मला तिथून कुठे तरी निघून जायचेही होते. हर्णैच्या पुढे छकड्याने जावे, किंवा ओहोटी असेल तर वाळूतून चालत. चालण्यात अधिक मजा आहे. मुरुडची आळी सरळ, दोन्ही अंगांना माड-पोफळीच्या वाड्या, पाटाचे पाणी सतत वाहते. दुर्गादेवीच्या देवळातले लाकडी खांब अवश्य पाहावेत. विष्णुपंतांच्या चुलत्यांकडे उतरलो. त्यांनी ओल्या नारळाच्या करंज्या आणि कुळथाचे पिठले असा चमत्कारिक पण उत्तम बेत केला. तिथून दापोली आणि दापोलीहून सर्व्हिस मोटारीने खेड असा माझा पुढचा विचार होता. रस्ता वळणाचा पण मोटार रोज जाते असे चुलत्यांनी सांगितले. मी खेडला गेलो नाही, तेव्हा ही माहिती ऐकीव समजावी.

मुरुडच्या वाळूत मी खूप चाललो आणि फारसे काही पाहिले नाही. एकेचाळिसावे वाक्य मला सुचले कुठून, हे शोधत होतो. मी तर जन्मात आगबोटीवर नोकरी केलेली नाही. मग आठवले. कॉलेजात असताना एका गोऱ्या प्रोफेसराच्या खिडकीची काच कोणाच्या तरी चेंडूने फुटली. मी झाडाखाली वाचत बसलो होतो. प्रोफेसर बाहेर येऊन गरजले, आणि मी उभा राहून हेच वाक्य म्हणालो. ते एकदम शांत झाले, माझे इंग्रजी चांगले आहे म्हणाले, पुढे मला वाचायला पुस्तकेही देऊ लागले. मला वाटले, मोठी युक्ती सापडली. म्हणजे मी पुस्तकात इंग्रजी शिकवले नव्हते. माझी पाठ कशी वाकते ते शंभर ठिकाणी छापले होते. मला वाकण्याबद्दल पुस्तके मिळाली, हसनला लाल शाई मिळाली.

स्वतःचे समाधान करण्याचा प्रयत्नही केला. शेरा अधिकाऱ्याने लिहिला, मी नाही. पुस्तक पुस्तकविक्याने मागितले तसे मी दिले. सूचना चांगल्या हेतूने होती. यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि एकानेही मला झोप लागली नाही. सकाळी खेडचा बेत रद्द करून मी उलट दिशेने छकडा केला.

पाचव्या दिवशी सारंगाच्या पडवीत हसन जाळे विणत बसला होता. विष्णुपंतांनाही मी निरोप पाठवून बोलावले होते. बसायच्या आधीच सांगून टाकले, की तो पदवीधर मीच.

मग हसनने जाळे खाली ठेवले आणि विचारले, "लिवलंत तवा बोटीवर किती वर्सं झाली हुती तुमची?"

"एक दिवसही नाही."

सारंग दाढीत हसला. "म्हणजे वस्ताद आमचे तुमी, आणि पडावातून उतरलात ते खारव्याच्या पाठीवर."

हसन हसला नाही. तो माझ्याकडे असा पाहत होता की त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते. पडद्यामागून खतीजा म्हणाली, "झालं ते झालं. आता बसा आणि चा हुईस्तवर नवी वाक्यं लिवा."

मी लिहिली. ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर आहे त्यांनी ती उतरून पाठवावीत म्हणून इथेही देतो. 'नो, सर. इट वॉज नॉट माय फॉल्ट.' नाही साहेब, माझी चूक नव्हती. 'द रोप वॉज ओल्ड. आय टोल्ड द टंडेल.' दोर जुना होता, मी टंडेलाला सांगितले होते. 'आय डू नॉट अंडरस्टँड. प्लीज कॉल अ मॅन हू नोज माय लँग्वेज.' मला समजत नाही, माझी भाषा जाणणाऱ्या माणसाला बोलवा. चहा आला तेव्हा सात वाक्ये झाली होती. तो चहा मी घेतला. आले घातलेला, चांगला होता.

पण सारंगाची मान हलत होती. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते मला खोडता आले नाही. एकेचाळीसने आजवर एकाचे नुकसान केले असेल, पण त्याला स्वतःला दहा वेळा वाचवले आहे. साहेबाचा राग लाटेसारखा असतो, डोके खाली घातले की वरून जातो. 'नो' म्हणणाऱ्याला पुढची बोट मिळत नाही, आणि एकाने म्हटले तर त्याच्या गावालाही मिळत नाही. "तुमी लिवून मुंबईला जाल," तो म्हणाला, "हितं पडवी माझी हाय." हसनला शिकवा, तो बुडालेलाच आहे, वर्गात मात्र ही वाक्ये आज नकोत.

हसनला शिकवणे हेच अवघड निघाले. वाक्ये त्याला तासाभरात पाठ झाली. शांतपणे विचारले की तो बरोबर म्हणे. मग विष्णुपंतांनी माझी फेल्ट हॅट डोक्यावर घातली, डोळे वटारले आणि त्याच्या अंगावर ओरडले. हसनची नजर पायाकडे गेली आणि तोंडातून एकेचाळीस बाहेर पडले. पुन्हा केले, पुन्हा तेच. विष्णुपंतांचा घसा बसला. हसनच्या कपाळावर घाम आला होता. त्याची चेष्टा करायला जमलेली माणसे हळूहळू गप्प झाली, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाचे तेच झाले असते हे प्रत्येकाला कळत होते.

सहाव्या-सातव्या खेपेला विष्णुपंत ओरडले आणि उत्तर पडद्यामागून आले.

"नो, सर. इट वॉज नॉट माय फॉल्ट."

शब्द स्वच्छ होते. ती आतून सगळे ऐकत होती, आणि तिने कधी कुठल्या साहेबापुढे मान घातली नव्हती. विष्णुपंतांनी हॅट काढून हातात घेतली. हसन दाराकडे पाहून पुटपुटला, "मग तूच जा मुंबईला."

"नेलंस तर येत्ये," ती म्हणाली. त्या वेळी मात्र सगळी पडवी हसली, हसनसुद्धा.

परतीची बोट हर्णैहून दुपारी मिळते. तिची वेळ समुद्रावर अवलंबून असते, म्हणून जेवून घ्यावे आणि घाई करू नये. हसन माझ्याबरोबर आला, मी लिहून दिलेला अर्ज खिशात घेऊन. वाटेत तो सतत ओठ हलवत होता. तोच कारकून याही बोटीवर होता आणि पुन्हा इंग्रजीत ओरडत होता. या वेळी मी उठून त्याला विचारले, की आपण घरी कोणती भाषा बोलता? तो मराठीत म्हणाला, की आपल्याला काय करायचंय? "तेवढंच हवं होतं," मी म्हणालो. फार मोठा पराक्रम नव्हे. पण उशिरा का होईना, उठलो.

मुंबईत उतरल्यावर पहिल्यांदा गिरगावात पुस्तकविक्याकडे गेलो. बाराव्या आवृत्तीला ही सात वाक्ये जोडा आणि ती सूचना काढा, म्हणालो, मला काही नको. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. पुस्तक चाललेय, त्याला हात कशाला लावता, म्हणाला. मग जरा समजुतीने, मी लहान असल्यासारखे, त्याने सांगितले की ही पुस्तके भरती करणारे लोकच गठ्ठ्याने नेतात आणि नव्या माणसांना देतात. नाही म्हणायला शिकवणारे पुस्तक ते नेतील का? म्हणजे सारंगाला जे अनुभवाने कळले होते, ते याला खपावरून कळले होते. आणि मी, शंभर वाक्यांचा कर्ता, दोघांच्या मागे. मी त्या दुकानात मोठ्याने बोललो. दोन गिऱ्हाइके निघून गेली. कागद त्याने परत दिला.

दुसऱ्या दिवशी कचेरी. तीन तास बाकावर बसवले. साहेब अर्ज वाचत होता, शेजारी मुनशी उभा. साहेबाने अर्ज टेबलावर आपटला. त्यात एका अधिकाऱ्याला दोष दिला होता, ते त्याला आवडले नाही. माझ्याकडे वळून तो कडाडला, हा कोणी लिहिला?

आणि माझ्या तोंडून आले, "इट इज माय फॉल्ट, सर."

मी, पंचेचाळीस वर्षांचा इंग्रजीचा मास्तर, सात नव्या वाक्यांचा लेखक. हे छापू नये असे फार वाटले. पण हे गाळले तर बाकीच्या रागाला अर्थ राहत नाही.

हसनने एकदा माझ्याकडे पाहिले, मग साहेबाकडे. नजर खाली गेली नाही.

"नो, सर," तो म्हणाला. "नॉट हिज फॉल्ट. नॉट माय फॉल्ट. रोप ओल्ड, सर. आय टोल्ड टंडेल."

असे वाक्य मी त्याला शिकवले नव्हते. मुनशीने टाकावरची शाई टिपायचे सोडले. साहेब हसनकडे बघत राहिला आणि, हे सांगणे न्यायाचे आहे, त्याचा आवाज खाली आला. त्याने मुनशीमार्फत मराठीत विचारायला सांगितले. दोन वर्षांत हसनला त्याच्या भाषेत प्रश्न विचारला गेला तो तेव्हा पहिल्यांदा. पाच मिनिटांत सगळे सांगून झाले. पाच मिनिटांचे काम होते हे!

साहेबाने चोपडी घेतली, 'अ‍ॅडमिट्स फॉल्ट'वर रेघ ओढली, वर एक शब्द लिहून सही केली. बोटीच्या मालकांना लिहितो म्हणाला. बोट मिळेल की नाही हे त्याच्या हातात नाही, हेही म्हणाला.

मी हा प्रवास लिहितो आहे तोवर बोट मिळालेली नाही. हर्णैचा किनारा, गणपतीच्या पायऱ्या, मुरुडचे पाट हे सगळे पाहावे असेच आहे, आणि आपण जरूर जावे. माझ्याबरोबर मात्र घरी आली ती त्या पडवीची एकमुखी माफी. वर्गात पोरे 'एक्स्क्यूज मी, सर' म्हणतात तेव्हा आता मी विचारतो, की कशाबद्दल? बहुतेकांना सांगता येत नाही.

त्या दिवशी कचेरीतून आम्ही चाळीत माझ्या बिऱ्हाडी आलो. जेवण झाल्यावर हसन गॅलरीत बसला. संध्याकाळी त्याला निघायचे होते. त्याने चोपडी उघडून माझ्यापुढे धरली आणि साहेबाने काय लिहिले ते विचारले.

"डिनाइज," मी वाचले. "म्हणजे, हा नाही म्हणतो."

"साहेबानं लिवलं, मी नाय म्हणतो म्हणून?"

"सहीनिशी."

त्याने तो शब्द बराच वेळ पाहिला. मग माझी लाल पेन्सिल मागितली आणि समासात, शब्दाला न शिवता, एक बारीक फुली करून घेतली.

"खतीजाला वाचता येत नाय," तो म्हणाला. "तिला दावताना माझं बोट चुकाया नको."